भाकरी सोडून धाव वाढते का?

पहाटेचे साडेपाच वाजलेले. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले सिद्धेश्वर. पूर्णा नदीवरच्या धरणाची मातीची लांबलचक भिंत अजून अंधारात होती. पाण्याकडून गार वारा येत होता. वर परभणी जिल्ह्यात येलदरीचे धरण आणि खाली हे सिद्धेश्वरचे. या दोन धरणांच्या पाण्यावर मराठवाड्यातल्या किती घरांची चूल पेटते याची मोजदाद नाही. पण मी त्या पहाटे पाणी पाहायला गेलो नव्हतो. रस्त्याने धप्‌धप्‌ पावले वाजत होती, तिकडे माझे लक्ष होते.

पाच-सहा मुले आणि तीन मुली धावत होत्या. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या साध्या चपला, एक जण तर अनवाणीच. पोलीस भरतीची तयारी चाललेली. आजकाल मराठवाड्यातल्या कुठल्याही गावी पहाटे रस्त्यावर उभे राहा, हेच दृश्य दिसेल. शेताचा भरवसा उरलेला नाही. दोन-तीन एकरांत चार भावंडे, म्हणून घरातले एक तरी लेकरू वर्दीत जावे असे प्रत्येक आईबापाला वाटते.

एका मुलीची आई रस्त्याच्या कडेला घोंगडी पांघरून बसली होती. अंधाराचे लेकीला एकटे कसे सोडायचे म्हणून रोज येते. बोलता बोलता ती म्हणाली, "दादा, तुम्ही शिकलेले दिसता म्हणून इचारते. ही पोरगी रातची भाकर खाईनाच झालीया. वजन कमी झालं म्हंजे पळणं वाढतंय म्हणते. पंधरा दिस झाले, निस्त्या च्यावर झोपतीया. असं खरंच असतंय का हो?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका शब्दात देण्यासारखे नव्हते. त्या माउलीला मी तिथे उभ्या उभ्या जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते सारे इथे सविस्तर मांडतो. कारण हा प्रश्न तिच्या एकटीच्या घरातला नाही.

मुलीचे म्हणणे अगदीच खोटे नाही

आधी मुलीच्या बाजूने बोलू. धावणे म्हणजे काय? दर पावलाला आपलेच अंग उचलायचे आणि पुढे टाकायचे. डोक्यावर पाण्याची एक घागर असली तर चाल मंदावते, दोन असल्या तर अधिक मंदावते. अंगावरच्या जास्तीच्या चरबीचेही तसेच. ती उचलावी लागते, पण धावण्यात हातभार लावत नाही.

याचा एक ढोबळ हिशेब आहे. धावणाऱ्या माणसाला दर किलोमीटरला, अंगाच्या दर किलो वजनामागे, सुमारे एक कॅलरी शक्ती लागते. म्हणजे ६० किलो वजनाचा गडी एक किलोमीटर धावला तर सुमारे ६० कॅलरी खर्च. मॅरेथॉनची शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. औंढा ते हिंगोली सुमारे २५ किलोमीटर धरले, तर त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास. एवढे अंतर त्या गड्याने तोडायचे तर अडीच हजारांवर कॅलरी लागतात. साधारण दिवसभराचे सगळे जेवण त्या एका शर्यतीत जळून जाते.

आता हाच गडी ही शर्यत चार तासांत पुरी करतो असे समजा. त्याच्या अंगावरची एक किलो निकामी चरबी उतरली आणि बाकी ताकद तेवढीच राहिली, तर कागदावर त्याची सुमारे चार मिनिटे वाचतात. म्हणूनच जगातले नामांकित मॅरेथॉन धावपटू पाहावेत तर सगळे काटक, हलक्या अंगाचे. केनियाचे एलिउड किपचोगे यांनी २०२२ मध्ये बर्लिनला ही शर्यत २ तास १ मिनिट ९ सेकंदांत जिंकली. त्यांचे वजन ५२ किलोच्या आसपास असल्याचे सांगतात. पुढच्याच वर्षी त्यांच्याच देशाच्या केल्विन किप्टम यांनी शिकागोला २ तास ० मिनिटे ३५ सेकंद अशी वेळ दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोटार अपघातात हा गुणी तरुण अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला.

हलक्या अंगाचा आणखी एक फायदा उन्हात कळतो. धावताना शरीर भट्टीसारखे तापते. अंग जितके जड तितकी उष्णता जास्त तयार होते, आणि ती बाहेर टाकायला कातडी मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून जड माणूस लवकर तापतो, लवकर थकतो.

इथपर्यंत मुलीचा हिशेब बरोबर आहे. तिला ८०० मीटर धावायचे आहेत. समजा तिचे वजन ५० किलो आणि तिला तीन मिनिटे लागतात. एक किलो उतरले तर कागदावर साडेतीन सेकंद वाचतात. पाच किलो उतरले तर सतरा-अठरा सेकंद! भरतीत सेकंदा-सेकंदाला गुण असतात. एवढा मोह समोर दिसत असताना कुठली जिद्दी पोर भाकरी खाईल?

मग हिशेब चुकतो कुठे?

चुकतो तो "बाकी ताकद तेवढीच राहिली तर" या एका वाक्यात. ती तेवढीच राहत नाही.

आपण शेतकरी माणसे, बैलाचे उदाहरण घेऊ. शंकरपटाचा बैल कुणी पोट सुटेपर्यंत पोसत नाही, हे खरे. पण पटाच्या आधी महिनाभर त्याची पेंड बंद करून, बरगड्या मोजता येतील एवढा वाळवून कुणी त्याला पटावर नेतो का? नेला तर सुटल्या जागीच बसेल. पटाच्या बैलाला खुराक असतो, मेहनत असते आणि विश्रांतीही असते. त्याचे अंग मेहनतीने आवळलेले असते, उपासाने नव्हे. बैलाच्या बाबतीत जे आपल्याला न शिकवता कळते, ते लेकराच्या बाबतीत आपण विसरतो.

उपाशी राहून पंधरा दिवसांत जे वजन उतरते, त्यात पाणी किती, मांस किती आणि चरबी किती? पहिल्या काही दिवसांत उतरते ते बरेचसे पाणी. त्याचे कारण असे. आपण खाल्लेली भाकरी, भात, गूळ यांची साखर होते आणि तिचा साठा यकृतात व स्नायूंत होतो. हा साठा सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि तो आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो. उपास केला की साठा रिता होतो, पाणी निघून जाते, काटा खाली येतो. मुलगी खूश होते. पण धावण्याचे सरपण तेच होते! मोठे धावपटू मॅरेथॉनच्या आधी दोन-तीन दिवस हा साठा भरून घेण्यासाठी मुद्दाम भरपेट भात-भाकरीसारखे अन्न खातात. तरीही तिसाव्या किलोमीटरच्या पुढे साठा सरत येतो आणि भल्याभल्यांचे पाय शिशासारखे जड होतात. आमची मुलगी तर रिकाम्या कोठीनेच मैदानात उतरणार.

त्यानंतर उतरते ते मांस. शरीराला अन्न मिळाले नाही की ते आपलेच स्नायू मोडून खाते. ज्या मांड्यांनी पळायचे त्याच बारीक होतात. आणि भरतीत नुसते पळणे नसते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींचा गोळा चार किलोचा असतो. भाकरी सोडलेल्या हाताने तो किती लांब जाणार? ८०० मीटरमध्ये चार सेकंद कमावले आणि गोळ्यात गुण घालवले, तर आवळा देऊन कोहळा घेण्याऐवजी कोहळा देऊन आवळा घेतल्यासारखे झाले.

मुलींच्या बाबतीत दुखणे खोल जाते

पुढची गोष्ट घरातल्या बायकांनी मन लावून वाचावी, आणि पुरुषांनीही वाचावी.

मुलगी फार मेहनत करते आणि त्या मानाने खात नाही, असे काही महिने चालले की तिची मासिक पाळी अनियमित होते किंवा बंदच होते. कित्येक मुलींना वाटते, बरे झाले, कटकट गेली. काही शिक्षकही म्हणतात, मेहनतीने असे होतेच. पण हा शरीराने दिलेला धोक्याचा इशारा आहे. पोटाला पुरेसे मिळत नाही म्हणून शरीराने एकेक खाते बंद करायला सुरुवात केलेली असते. पाळीबरोबर हाडे बळकट ठेवणारी द्रव्येही कमी पडतात. ऐन अठरा-वीस वर्षांच्या वयात, जेव्हा हाडात भरणा व्हायचा, तेव्हाच हाडे पोकळ होऊ लागतात. मग नडगीत किंवा पायाच्या पंजात केसासारखी बारीक चीर पडते. चार महिने धावणे बंद. आणि पुढे पन्नाशीत हीच हाडे मोडायला सोपी होतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या दुखण्याकडे जगभरच्या प्रशिक्षकांचे लक्ष वेधले आणि ते मुलग्यांनाही होते हे सांगितले.

दुसरे दुखणे रक्ताचे. धावताना स्नायूंना प्राणवायू पोचवतो तो रक्तातला तांबडा भाग, त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. त्याला लोह लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हे प्रमाण कमी आढळले. म्हणजे पहाटे धावणाऱ्या तीन मुलींपैकी एकीला किंवा दोघींना रक्त कमी असण्याचीच शक्यता जास्त. अशी मुलगी चढाला धापा टाकते, पायात गोळे येतात, आणि तिला वाटते आपले वजन जास्त आहे म्हणून असे होते. ती आणखी कमी खाते. कमी खाल्ल्याने लोह आणखी कमी. विहिरीला पाणी नाही आणि आपण मोट बदलत बसलो आहोत, अशी ही गत.

सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनची तपासणी होते. मुलींना बारा आणि मुलग्यांना तेरा एवढे तरी हवे. ते कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेऊन जो फरक पडतो, तो दहा दिवस उपाशी राहून पडणार नाही.

आपल्याच मातीतल्या लेकी

आता काही खऱ्या धावणाऱ्यांकडे पाहू, म्हणजे काय साधते ते कळेल.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्या जुन्या जिल्ह्याच्या गावची, परभणीची ज्योती गवते. मॅरेथॉनसारखी कठीण शर्यत तिने वर्षानुवर्षे धावली. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली, वेळ २ तास ५० मिनिटे ५३ सेकंद. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, दिल्लीच्या मॅरेथॉनमध्ये ती पुन्हा पहिली, वेळ २ तास ५३ मिनिटे ४ सेकंद. सहा वर्षे उलटली आणि वेळेत फरक पडला तो अवघ्या सव्वादोन मिनिटांचा. दिल्लीच्या त्या शर्यतीत दुसरी आलेली मुलगी तिच्यामागे दोनच सेकंद होती! चौऱ्याऐंशी फर्लांगांहून कितीतरी लांबच्या वाटेनंतर दोन सेकंदांचा फरक. अशी टिकून राहणारी धाव उपासाच्या अंगातून निघत नाही.

नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत. आदिवासी पाड्यातली ही मुलगी अनवाणी पायांनी धावायला शिकली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकून ती रिओच्या ऑलिंपिकला गेली. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर हीसुद्धा शेतकऱ्याचीच पोर. आधी ती मॅरेथॉन धावे. मग अडथळ्यांच्या ३ हजार मीटर शर्यतीकडे वळली आणि २०१६ मध्ये रिओला अंतिम फेरीत पोचून दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री.

आणि ही परंपरा आजची नाही. शंभर वर्षांमागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहायला सर दोराबजी टाटा गेले. तिथे धावणारी बरीचशी मुले शेतात राबणारी होती. पायात बूट नाहीत, शर्यतीचे नियम ठाऊक नाहीत, अन्न साधे, पण वेळ पाहून टाटा थक्क झाले. त्यांच्या खटपटीने १९२० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे मोजके खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षी मॅरेथॉनची वाट नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होती. थंडीपावसाचा परका देश, तरी चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोचून एकोणिसावे आले. परभणीच्या लेकीने ९७ वर्षांनी मुंबईत दिलेली वेळ जवळजवळ तीच!

वय झाले म्हणजे संपले का?

हे बोलणे चालले असता त्या मुलीचे आजोबाही फिरत फिरत आले. सत्तरीच्या घरात असतील. दरवर्षी पायी पंढरपूरला जातात. म्हणाले, "आमचं काय आता, आमचं पळायचं वय गेलं." मी म्हटले, आजोबा, एवढ्या लवकर निकाल देऊ नका.

वय वाढते तसे शरीर मागे येते, यात शंका नाही. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके वर्षाला साधारण एकाने कमी होतात. स्नायू झिजतात, साठीनंतर अधिक वेगाने. बैठ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची ताकद दर दहा वर्षांनी सुमारे एक दशांशाने घटते. पण जो मेहनत सोडत नाही, त्याची घट बरीच कमी, कित्येकांत निम्म्यावर येते. शिवाय आधी जातो तो झटक्याचा वेग, दम नंतर जातो. म्हणून १०० मीटर धावणारा तिशीत मागे पडू लागतो, तर मॅरेथॉनवाला तिशीच्या पुढे जिंकतो.

पोर्तुगालचे कार्लोस लोपेस यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची मॅरेथॉन ३७ व्या वर्षी जिंकली आणि पुढच्या वर्षी ३८ व्या वर्षी जागतिक विक्रम केला. रुमानियाच्या कॉन्स्टँटिना दिता २००८ मध्ये बीजिंगला ३८ व्या वर्षी ऑलिंपिक विजेत्या झाल्या. कॅनडाचे एड व्हिटलॉक ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत धावले. ऐन विशीतल्या मुलांना हे जमत नाही. ८५ व्या वर्षीही त्यांनी ती चार तासांच्या आत पुरी केली.

पण आपल्याला जवळचा वाटेल तो क्लिफ यंग. ऑस्ट्रेलियातला बटाटे पिकवणारा शेतकरी. १९८३ मध्ये सिडनी ते मेलबर्न अशी ८७५ किलोमीटरची शर्यत जाहीर झाली. बाकीचे नावाजलेले, तरणेबांड धावपटू. हा ६१ वर्षांचा गडी. शेतावर गमबूट घालून मेंढरांमागे पळायची सवय, एवढीच काय ती तालीम. लोक हसले. चाल तर इतकी संथ की पाय घासत चालल्यासारखी. पण बाकीचे रात्री झोपत तेव्हा हा चालूच राही. ५ दिवस, १५ तास आणि ४ मिनिटांत तो सर्वांच्या आधी मेलबर्नला पोचला. बक्षिसाचे दहा हजार डॉलर त्याने बरोबरच्या धावपटूंत वाटून टाकले.

पंजाबातल्या जालंधर जिल्ह्याचे फौजासिंग हेही शेतकरीच. म्हातारपणी इंग्लंडला मुलाकडे गेले आणि ८९ व्या वर्षी पहिली मॅरेथॉन धावले. २०११ मध्ये, १०० वर्षांचे असताना, टोरांटोची मॅरेथॉन ८ तास ११ मिनिटांत पुरी केली. जन्माचा दाखला नव्हता म्हणून विक्रमाच्या पुस्तकात नाव गेले नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने ते गेले, तेव्हा ११४ वर्षांचे होते.

आणि आपल्या महाराष्ट्रात लता भगवान करे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटापाण्यासाठी बारामतीकडे आलेल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नाहीत. २०१३ मध्ये बारामतीच्या शर्यतीत ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर गटात साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. कौतुक करताना एक सल मात्र राहते. आजारी नवऱ्यासाठी म्हातारीला धावावे लागू नये.

वयस्कांच्या वजनाची गोष्ट तरुणांपेक्षा निराळी आहे. चाळिशीनंतर बहुतेकांचे कष्ट कमी होतात, जेवण तेवढेच राहते. ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, पोट पुढे आले. गुडघे दुखतात म्हणून चालणे कमी आणि चालणे कमी म्हणून वजन जास्त. अशांनी पाच किलो उतरवले तर गुडघ्यांना खरोखर सुख मिळते. पण साठीच्या पुढे विनाकारण बारीक होत जाणे चांगले नव्हे. तिथे मांस झिजत असते. म्हातारपणी अन्न थोडे असले तरी त्यात डाळ, दूध, शेंगदाणे हवेतच. आणि चालण्याबरोबर थोडे उचलणे-ठेवणेही हवे. शेतातली हलकी कामे करणाऱ्या आजीला हे सांगावे लागत नाही. ओट्यावर बसवून ठेवलेल्या आजोबांना सांगावे लागते.

घरात ध्यानात ठेवण्यासारखे

भरतीची तयारी करणाऱ्या लेकरांच्या आईवडिलांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

वजन उतरवायचे असेलच तर भरतीच्या तोंडावर नव्हे, तीन-चार महिने आधीपासून. आठवड्याला अर्धा किलो पुरे. वडे-भजी, पुड्यातले पदार्थ, गोड चहाचे पाच-पाच कप आधी बंद करा. भाकरी नव्हे.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मूठभर भिजवलेले शेंगदाणे किंवा हरभरे, दूध किंवा ताक, पालेभाजी आणि चालत असेल त्याला अंडी. यापेक्षा वेगळा खुराक लागत नाही. डब्यातल्या महागड्या पावडरींसाठी कर्ज काढू नका. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही.

पहाटे धावण्याआधी एखादे केळे किंवा गुळाचा खडा, धावून आल्यावर तासाभरात जेवण. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती. स्नायू मेहनतीने मोडतो आणि विश्रांतीत बांधला जातो.

चाचणीच्या दिवशी पाणी तोडू नका. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही तरुणांचा जीव गेला, हे विसरता येत नाही. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी झाले. पण ऊन तेच आहे आणि उपाशी, रात्रभर प्रवास करून फलाटावर झोपलेली लेकरेही तीच आहेत. जमत असेल त्याने आदल्या दिवशीच पोचावे, पोटभर जेवावे, झोपावे. धावताना छातीत दुखले, चक्कर आली, अंगाचा घाम अचानक थांबला, तर थांबा. भरती पुन्हा निघते.

मुलीची पाळी तीन महिने चुकली, नडगी एकाच जागी दुखत राहिली, दम फार लागू लागला, तर लाजू नका, दवाखान्यात न्या. हे आईने विचारायचे असते. मुलगी आपणहून सांगत नाही.

उजाडले तेव्हा ती मुलगी शेवटची फेरी संपवून आली. गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहिली. ओठ पांढुरके दिसत होते. मी तिला साडेतीन सेकंदांचा हिशेब सांगितला, तेव्हा तिचे डोळे चमकले. मग सरपणाचा, गोळ्याचा आणि रक्ताचा हिशेब सांगितला. ती काही बोलली नाही. पटले की नाही, कळेना. आजोबांनी पटाच्या बैलाची गोष्ट ऐकली मात्र, आणि म्हणाले, "हे मी हिला कवाच सांगितलं असतं, पण आमाला कुणी इचारतंय का!"

तेवढ्यात आईने फडक्यातून भाकरी आणि दाण्याची चटणी काढली. रोजच आणत असावी आणि रोजच परत नेत असावी. त्या दिवशी मुलीने अर्धी मोडून घेतली. उरलेली अर्धी आईने पुन्हा बांधली नाही, तशीच तिच्यासमोर धरून ठेवली. ऊन धरणाच्या भिंतीवर आले होते. औंढ्याची गाडी यायची वेळ झाली होती, म्हणून मी निघालो. निघताना आईने एवढेच विचारले, "रक्त तपासायला उपाशीपोटी न्यावं लागतंय का?" मी म्हटले, "नाही माय, जेवून न्या."